किती वेळ ठेवायचं वो?

घरच्या पावाची कृती मागणारी मंडळी सगळं नीट ऐकून घेतात, मैदा किती, मीठ किती हे लिहून घेतात आणि शेवटी एकच विचारतात, "पीठ किती वेळ ठेवायचं वो?" मी म्हणते, "फुगेपर्यंत." मग समोरचा चेहरा पडतो. काकू खरी गोष्ट सांगत नाहीत, असं वाटत असावं. जाऊबाईंनी हे विचारलंय, विजापूर रोडच्या मैत्रिणींनी विचारलंय, भाचीनं तर पुण्याहून फोन करून विचारलंय. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

कृतींमध्ये "एक तास झाकून ठेवा" असं लिहिलेलं असतं. हा एक तास ज्या स्वयंपाकघरात मोजलेला असतो, तिथं साधारण चोवीस-पंचवीस अंश तापमान असतं. आपल्याकडे सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाहेर 42-43 आणि ओट्यापाशी 36-38. पीठ फुगवणारं यीस्ट हा जिवंत जीव आहे. ऊब वाढली की त्याचं काम वाढतं, दर आठ-दहा अंशांना जवळजवळ दुप्पट. म्हणजे त्या तासाचं काम आपल्याकडे अर्ध्या तासाच्या आतच उरकतं, आणि आपण मात्र कृतीवर विश्वास ठेवून पुढचा अर्धा तास बसून राहतो.

इडलीच्या पिठाला आपण कधी घड्याळ लावतो का? सोलापुरात तेलुगू म्हणू नका, कन्नड म्हणू नका, मराठी म्हणू नका, घरोघरी इडली-दोशाचं पीठ भिजतं. उन्हाळ्यात रात्री उशिरा वाटायचं आणि पहाटे उठून बघायचं, थंडीत संध्याकाळीच वाटून पातेलं शेगडीजवळ ठेवायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. तीच नजर पावाच्या पिठाला लावायची आहे. ती तुमच्याकडे आहेच. पाव हा बाहेरचा पदार्थ, त्याचे नियम वेगळे असणार, असं मनात धरल्यामुळे आपण ती वापरत नाही. मला याचंच फार वाईट वाटतं.

आता माझी पद्धत. अर्धा किलो मैदा, दहा ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे साखर, तीन मोठे चमचे तेल किंवा लोणी आणि तीनशे ते सव्वातीनशे मिली पाणी. इन्स्टंट यीस्ट थंडीत पाच ग्रॅम, एप्रिल-मेमध्ये त्याच्या निम्मं. बदल फक्त यीस्टमध्ये आणि पाण्यात. त्यातही पाणी सगळ्यात महत्त्वाचं, कारण मैदा आणि हवा आपल्या हातात नसते, पाणी असतं.

त्याचा एक हिशेब बेकरीवाले करतात, तो घरीही चालतो. मळून झालेलं पीठ पंचवीस अंशांचं असावं, असं धरायचं. पंचवीसची तिप्पट पंचाहत्तर. त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं, मैद्याचं वजा करायचं, जे उरेल तेवढं पाणी गार किंवा कोमट घ्यायचं. मे महिन्यात खोली 36 आणि डब्यातला मैदा 35 धरला, तर उरतात चार अंश. म्हणजे बर्फाचंच पाणी! जानेवारीत खोली 22 आणि मैदा 21 असेल तर उरतात 32, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागेल असं. घर तेच, मैदा तोच, पाण्यात फरक 28 अंशांचा. आणि बहुतेक कृती वर्षभर एकच सांगतात, "कोमट पाण्यात मळा."

शिवाय आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, ते गच्चीवरच्या टाकीत साठवलेलं असतं. मेमध्ये दुपारी ती तोटी उघडून बघा, हात आपोआप मागे येतो. त्या पाण्यात पीठ मळलं, तर मळता मळताच ते फुगायला लागतं. मी माठाचं पाणी घेते आणि त्यात बर्फाचे खडे टाकते. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे माठ फार छान गार होतो. तीच कोरडी हवा पिठावर मात्र पापडी धरते, म्हणून परातीवर ओलं सुती फडकं हवंच. फडकं वाळत राहतं तसं खालचं पीठही गार राहतं. पुन्हा पुन्हा ओलं करायचं एवढंच.

वेळ कळायला एक साधी गोष्ट करा. मळून झालं की त्यातला लिंबाएवढा गोळा काढा आणि सरळ भिंतीच्या काचेच्या पेल्यात तळाशी दाबून बसवा. त्याच्या माथ्याच्या उंचीला बाहेरून रबरबँड लावा. पेला परातीशेजारीच ठेवा, दोघांना सारखीच हवा लागली पाहिजे. परातीतलं पीठ आडवं पसरतं, ते दुप्पट झालं की नाही हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. पेल्यातलं पीठ सरळ वर चढतं. काचेतून बुडबुडे दिसतात, आधी मोहरीसारखे बारीक, मग मोठे होत जाणारे. रबरबँडच्या दुप्पट उंचीला आलं की परातीतलंही तयार. पुढे गोळे करून ट्रेमध्ये लावले की तिथं पेल्याचा उपयोग नाही, तिथं बोट लागतं. पिठाच्या बोटानं हलकेच दाबायचं. खळगा झटकन भरून आला तर अजून थांबा. हळूहळू, अर्धामुर्धा भरला तर लगेच ओव्हनमध्ये घाला. भरलाच नाही तर वेळ टळून गेली.

"पाव आंबट होतो आणि वरून रंगच येत नाही" ही तक्रार मला उन्हाळ्यात नेहमी ऐकू येते, आणि त्यावर लोक ओव्हन वाढवतात. ओव्हनचा त्यात दोष नाही. पीठ जास्त वेळ राहिलं की यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकतं. वरचा तांबूस रंग यायला तीच साखर लागते. ती संपली की पाव पांढुरका राहतो, कितीही भाजा. वास आंबूस येतो, पीठ हाताला चिकटतं. पुढच्या वेळी कमी यीस्ट, गार पाणी आणि लवकर भाजणं, एवढाच त्यावर उपाय.

घरात कार्य असेल तेव्हा मी उन्हाळ्यात दिवसा पीठ मळतच नाही. आदल्या रात्री जेवणं झाली की मळायचं, तेल लावलेल्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. चार-पाच अंशांत यीस्ट अगदी सावकाश काम करतं, पावाला चवही जास्त चांगली येते. पहाटे पाचला काढून गोळे करायचे आणि ऊन वर चढायच्या आत पाव बाहेर. डोहाळजेवण असो की बारसं, दुपारच्या धावपळीत ओव्हनकडे बघावं लागत नाही. रात्री वीज जाऊन फ्रीज उबदार झाला तर मात्र पहाटेची वाट बघू नका, उठून डबा उघडा.

जानेवारीत सगळं उलटं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. नंदीध्वज बघायला, अक्षता सोहळ्याला बाहेरगावी गेलेली सोलापुरी माणसं परत येतात, घर भरतं. भोगीच्या बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो तसे मी पावालाही लावते, आणि आत शेंगाचटणी भरते. पीठ चौकोनी लाटायचं, चटणी पसरायची, गुंडाळी करून लांबट भांड्यात ठेवायची. कुटलेल्या चटणीला तेल सुटलेलं असतं, म्हणून थर पातळ हवा, नाही तर भाजल्यावर गुंडाळी आतून सुटते. हा पाव थंडीत फुगायला दोन-अडीच तासही घेतो. त्या वेळी घाईनं यीस्ट वाढवू नका, नुसत्या यीस्टचाच वास येतो. मी ओव्हनमध्ये, ओव्हन बंदच ठेवून, गरम पाण्याचं पातेलं आणि पावाचं भांडं शेजारी शेजारी ठेवते. तेवढी ऊब पुरते.

याच पावात मी ज्वारीचं पीठही घालते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती आपल्या जिल्ह्यातली, तेव्हा आपल्या कार्याच्या पावात ती नसेल तर कुठे असणार? पण ज्वारीत ग्लुटेन नसतं, पिठाला ताण येत नाही. मैद्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये, आणि तेही कोरडं नको. उकळत्या पाण्यात उकड काढून, पूर्ण गार करून मग मळायचं. उकडीतलं पीठ पाणी धरून ठेवतं, पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना हा पाव दुधात बुडवून फार आवडतो. उकड कोमट असताना मिसळली, तर गार पाण्याचा सगळा हिशेब वाया जातो, हे विसरू नका.

केकचा नियम याच्या अगदी उलट आहे आणि गोंधळ तिथंच होतो. पावासाठी थांबायचं, केकसाठी क्षणभरही थांबायचं नाही. आमच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून केक दह्याचा. एक वाटी दह्यात पाऊण वाटी साखर विरघळवायची, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालायचा, पाच मिनिटांत ते फसफसून वर येतं. मग अर्धी वाटी तेल, व्हॅनिला आणि शेवटी दीड वाटी चाळलेला मैदा. चमचा म्हणजे मोजायचा लहान चमचा, तोही सपाट. दह्याचं आम्ल आणि सोडा भेटले की तिथूनच वायू सुटायला लागतो, आणि तोच केक वर उचलतो. म्हणून ओव्हन आधी 180 अंशांना तापलेला हवा, भांड्याला कागद लावलेला हवा. मैदा घातला की जास्त फेटायचं नाही, ओतायचं आणि सरळ आत. पस्तीस-चाळीस मिनिटांनी काडी घालून बघायची, कोरडी आली की झालं. दही त्याच सकाळी लागलेलं घ्या. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ते इतकं आंबतं, की केकलाही तो आंबटपणा येतो.

लोणी-साखर फेटून करायचा केक मी मेमध्ये करत नाही. लोणी फेटताना हवा धरतं, पण त्यासाठी ते विसेक अंशांचं, मऊ आणि तरी घट्ट असावं लागतं. बत्तीस ते पस्तीस अंशांत लोणी वितळतंच. आपल्या ओट्यावर ते तेल होऊन बसतं, आणि तेल फेटून हवा धरत नाही. मग सरळ तेलाचाच केक करावा. सासूबाईंची पंचाहत्तरी ऐन मेमध्ये, गच्चीवर रात्री होती. सगळ्यांना वाटत होतं, वर क्रीम हवंच. फेटलेलं क्रीम त्या हवेत मेणबत्त्या विझेपर्यंतही टिकलं नसतं. मी दोन थरांमध्ये आणि वरून आटवलेला आमरस लावला, कडेनं बदामाचे काप. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा केकचा दुसरा तुकडा मागून घेतला. विकतच्या केकमध्ये काय असेल या शंकेनं त्या आधी नुसता हात लावून ठेवायच्या. घरी का करता, याचं माझ्यापुरतं उत्तर तेच आहे.

भाजायच्या वेळेबद्दल थोडं. छोट्या ओव्हनचं बटण 180 दाखवतं आणि आत प्रत्यक्षात बरंच वेगळं असू शकतं. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, साच्यांवर खर्च करण्याआधी घ्या. पाव झाला की नाही ते आतल्या तापमानावरून कळतं. साध्या पावाला 93-95 अंश, लोणी-दुधाच्या पावाला 88-90. भाजल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. गरम पाव डब्यात भरला की वाफ धरते, आणि बुरशी लगेच येते. उरलेला पाव फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथं तो सगळ्यात लवकर शिळा होतो. कापून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसा तव्यावर गरम करा.

तेव्हा पुढच्या वेळी "किती वेळ ठेवायचं" असं विचाराल, तेव्हा सोबत एवढं सांगा: महिना कोणता, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे की खाली, डोक्यावर स्लॅब आहे की पत्रा, पाणी माठाचं घेतलं की टाकीचं, यीस्ट किती घातलं. मग मी तुम्हाला अंदाजानं वेळ सांगते, आणि तुम्ही तरीही पेल्याला रबरबँड लावा.