गाय गाभडली की आधी गल्लीतल्या कुत्र्यांकडे बघा

आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात गाय सहाव्या महिन्यात गाभडली की कारणं तयारच असतात, दुसऱ्या जनावरानं ढुशी मारली, अमावस्येला बाहेर बांधली होती, नाहीतर सरळ "गायले नजर लागनी भाऊ". मागच्या हिवाळ्यात शेजारच्या काकांच्या एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गायीनं असंच वासरू टाकलं, अंगावर धड केस पण आलेले नव्हते, आणि जारासकट, म्हणजे वारेसकट, ते उकिरड्यावर गेलं. बघता बघता गल्लीतली कुत्री जमली. गायीला नेमकं काय झालं होतं ते आता कळणार कसं, सॅम्पलच कुत्र्यांनी खाल्लं ना!

गाभडण्यामागे ब्रुसेला हा जिवाणू असू शकतो, बाकीही बरीच कारणं असतात, पण एक कारण असं आहे की आपल्याकडे त्याचं कोणी नावच घेत नाही, निओस्पोरा. डोळ्याला न दिसणारा परजीवी आहे हा. १९८४ मध्ये नॉर्वेत कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा सापडला, १९८८ मध्ये त्याला नाव मिळालं आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात हे कळायला १९९८ उजाडलं. लागण झालेला जार किंवा मेलेलं वासरू कुत्र्यानं खाल्लं की हा त्याच्या आतड्यात वाढतो, मग तेच कुत्रं आपल्या कुट्टीच्या ढिगावर निवांत झोपतं, तिथंच घाण करतं, आणि ती कुट्टी गाभण गायीच्या गव्हाणीत जाते. तिथून रक्तात, रक्तातून जारात आणि जारातून पोटातल्या वासरात.

पुढं काय होईल सांगता येत नाही. गाय पाचव्या-सहाव्या महिन्यात टाकते, कधी वासरू पोटातच सुकतं, कधी लुळं जन्मतं. पण खरी गोम वेगळीच आहे, बऱ्याचदा वासरू एकदम ठणठणीत जन्मतं, नाचतं-उड्या मारतं, आणि लागण मात्र अंगात घेऊनच आलेलं असतं. कालवड असेल तर "आईला दूध चांगलं होतं" म्हणून आपण हौसेनं ठेवतो, आणि ती गाभण राहिली की कुत्र्याचा काही संबंध नसताना लागण तिच्या पोटातल्या वासरात जाते. एका गायीची शेजारच्या गायीला सहसा लागत नाही, आईकडून लेकीला मात्र चालूच राहते. यावर गायीसाठी खात्रीचं औषध नाही, आपल्याकडे लसही मिळत नाही. म्हणून वारंवार गाभडणाऱ्या गायीची कालवड ठेवण्याआधी किंवा बाजारातून गाय आणण्याआधी रक्त तपासून घ्या, एवढा खर्च परवडतो.

जुनी माणसं जार गोणपाटात बांधून वडाला टांगायची, चिकाच्या, म्हणजे पांढरा रस गळणाऱ्या झाडाला टांगला की दूध वाढतं म्हणे. दुधाचं जाऊ द्या, पण कुत्र्याच्या तोंडाला तो लागत नव्हता हे नक्की. आता खोल खड्डा, वर चुना, वर दगड, आणि कुट्टीवर ताडपत्री.

म्हशीवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. पारडू पंधरा-वीस दिवसांचं झालं की मातकट, घाण वासाची हगवण लागते आणि लोक म्हणतात माती खाल्ली. अरे पण ते अजून दुधावरच आहे! मोठ्या जंताच्या अळ्या म्हशीच्या अंगात दडून असतात, ती व्यायली की दुधातून पारडात उतरतात आणि आतड्यात फूटभर लांब होतात. यावर औषध आहे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच डॉक्टरला विचारून वजनाप्रमाणे पाजायचं, दोन महिन्यांनी पोट सुटल्यावर नाही.

आणि शेळ्यांमध्ये हेच काम मांजर करतं, परजीवीचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. शेळी पिल्लं टाकते, आणि हा माणसालाही होतो, म्हणून घरात कोणी गरोदर असेल तर तिला शेळीच्या वेताला हात लावू देऊ नका, गोठ्यातली मांजराची घाणही काढू देऊ नका. बाकीच्यांनी पण हातमोजे घालूनच जार उचला, ब्रुसेला कोणालाच सोडत नाही. डॉक्टर येईपर्यंत टाकलेलं पिल्लू आणि जाराचा तुकडा पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा, घरातल्या फ्रीजमध्ये नको.