मार्कर पुसायच्या आधी पॉलिश बघा

मे महिन्याची सुट्टी लागली की माझ्या फोनवर दोन प्रकारचे फोटो यायला लागतात. एक, लग्नात द्यायच्या पलंग-कपाटांचे. दुसरे, पोरांनी मार्करनं रंगवलेल्या टीपॉयचे, देव्हाऱ्यांचे, कपाटाच्या दारांचे. दुसऱ्या फोटोखाली मेसेज ठरलेला असतो, "दादा, हे कशानं निघेल?" मी चष्मा लावून काही टाइप करेपर्यंत खाली आणखी एक येतो, "सॅनिटायझर लावून बघू का?"

नका लावू. म्हणजे कदाचित लावायचंही असेल, पण आधी दोन गोष्टी ऐका.

माझा धंदा पॉलिशचा. कामं सगळी सांगली, मिरज, कुपवाड इथलीच. काम शिकलो मिरजेत, सतारमेकर गल्लीत ज्यांचं जाणं-येणं होतं अशा एका उस्तादांच्या हाताखाली. सतार-तंबोऱ्याला जे लाखेचं पॉलिश चढतं तेच जुन्या घरातल्या कपाटांना, झोपाळ्यांना, देव्हाऱ्यांना. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळे भोपळ्याबद्दल आणि तारांबद्दल बोलत होते. मी आपला फोटोतली पॉलिशची चमक बघत बसलो होतो. ज्याचं त्याला.

तर मुद्दा असा, की मार्करचा डाग लाकडावर नसतो, पॉलिशवर असतो. निदान पहिल्या दिवशी तरी. त्यामुळे प्रश्न दोन असतात. शाई कसली, आणि पॉलिश कसलं? पहिला सगळे विचारतात. दुसरा कुणीच विचारत नाही, आणि घोळ तिथंच होतो.

सांगलीच्या गावभागात, मिरजेच्या जुन्या वाड्यांत, औदुंबर-नृसिंहवाडीकडच्या घरांत जे सागवानी, शिसवी सामान आहे, त्यावर बहुतेक करून लाखेचं पॉलिश असतं. लाख म्हणजे किड्यानं झाडावर केलेला राळेसारखा थर. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर हे किडे वाढतात. ती लाख धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात, ती चपडी. चपडी स्पिरिटमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या अल्कोहोलमध्ये, रात्रभर भिजवायची, गाळायची, की झालं पॉलिश. सुती बोळ्यानं हातावर हात मारत चढवायचं. स्पिरिट उडून जातं, लाख राहते. आता गंमत अशी, की वाळलेली लाख परत स्पिरिटमध्ये विरघळते. कालची असो नाहीतर पणजोबांच्या काळातली असो. आणि सॅनिटायझर म्हणजे काय? सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, बाकी पाणी आणि जेल. म्हणजे तुम्ही मार्कर काढायला जे लावताय, त्यातच तुमचं पॉलिश विरघळतं. वर जेल असल्यामुळे ते लवकर उडतही नाही, डागावर बसून राहतं, खालची लाख मऊ करतं, आणि त्यातलं पाणी तिला पांढरं पाडतं. निळी रेघ जाते आणि पांढरट चिकट धब्बा येतो. मग मला फोन येतो, "दादा, मार्कर निघाला हो, पण..."

त्या "पण"वर माझं घर चालतं, त्यामुळे जास्त बोलत नाही.

पॉलिश ओळखायचं कसं? कपाटाच्या पायाची मागची बाजू, ड्रॉवरच्या पुढच्या फळीची खालची कड, अशी कुणाला न दिसणारी जागा धरा. कान साफ करायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून तिथं टेकवा, दहापर्यंत मोजा आणि बोट लावून बघा. चिकट लागलं आणि काडी तांबूस झाली तर लाख. काहीच झालं नाही तर बहुतेक मेलामाईन नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे स्पिरिटला सहसा दाद न देणारी नव्या जमान्यातली रासायनिक पॉलिशं. विश्रामबागेकडच्या नव्या फ्लॅटमधलं फर्निचर बहुतेक करून याच प्रकारातलं, किंवा सरळ सनमायका. सनमायका ओळखायला काडीबिडी नको. लाकडाची तीच गाठ जरा पुढं जाऊन परत दिसली, की समजायचं छापील आहे. त्याच्यावर स्पिरिटचा फडका बिनधास्त मारा. फक्त कडेची पट्टी चिकटवलेली असते, तिच्या फटीत काही शिरू देऊ नका.

पीयूवर परमनंट मार्कर असेल तर थोडं स्पिरिट कापडावर घेऊन हलकं पुसलं की बहुतेक वेळा निघतो. किंवा पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर असतो ना, तो त्या डागावर ओला ओला गिरवायचा आणि लगेच कोरड्या कापडानं पुसायचं. ताज्या शाईतलं द्रावण जुन्या शाईला सोडवतं, आणि त्या मार्करची शाई मुळात सुटून यावी म्हणूनच बनवलेली असते. काट्यानं काटा काढायचा प्रकार. पण हे गुळगुळीत, अखंड पॉलिशवरच. जिथं पॉलिश उडालंय, ओरखडे आहेत, तिथं ही शाईसुद्धा आत जाऊन बसते.

नेलपेंट रिमूव्हर मात्र कुठल्याच लाकडी वस्तूजवळ आणू नका. त्यात असतं ॲसिटोन. ते पीयूची चमक मारतं, मेलामाईन मऊ करतं, लाखेचं तर विचारूच नका.

लाखेवर मार्कर असेल तर? मी काय करतो ते सांगतो. आधी साध्या कोमट पाण्यात साबणाचा थेंब, कापड घट्ट पिळून, एकदा. स्केचपेन असेल तर इथंच काम संपतं, कारण स्केचपेनची शाई पाण्यातली. मग शेंगतेल किंवा खोबरेल. थेंबभर, बोटानं गोल गोल. मेणाचे खडू आणि काही मार्कर तेलाला सुटतात, आणि नाही सुटले तरी पॉलिशचं काही बिघडत नाही. मेणाच्या खडूचा जाड थर असेल तर आधी जुन्या प्लास्टिक कार्डच्या कडेनं खरवडून घ्यायचा. त्यानंतर पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नको. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, म्हणजे खरं तर तो अतिशय मऊ काचपेपरच. डागासोबत चमकही घासली जाते, म्हणून चकचकीत दारावर ती जपून वापरायची. खायच्या सोड्याचंही तेच.

एवढ्यानं नाही भागलं तरच स्पिरिट. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळायचा, स्पिरिट घ्यायचं आणि वर्तमानपत्रावर दाबून दाबून इतकं काढून टाकायचं की कागदावर जेमतेम ओलसर छाप उठावा. मग लाकडाच्या रेषेच्या दिशेनं एकच हात. बोळा चालता चालता टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा, विमान धावपट्टीला चाकं लावून परत वर जातं तसा. थांबला की चिकटला. प्रत्येक हाताला बोळ्याची नवी बाजू, नाहीतर काढलेली शाई तुम्हीच पुढं नेऊन लावता. दोन हातांमध्ये वाळू द्यायचं. यात शाईबरोबर वरची लाख थोडी येणारच, ती येऊ द्यायची. शेवटी पातळ पॉलिशचे दोन-तीन हात मारले की नवीन लाख जुनीत विरघळून एकजीव होते, सांधा दिसत नाही.

लाखेचं मला म्हणून कौतुक वाटतं. ती लगेच बिघडते आणि तितक्याच सहज दुरुस्त होते. पीयूचं उलट. सहसा बिघडत नाही, पण कुणी तारेच्या घासणीनं घासून आतपर्यंत गेलं, की तेवढ्याच जागेला ठिगळ लावता येत नाही, अख्खं दार घासून परत फवारावं लागतं. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की ते माझ्याकडं संशयानं बघतं.

गावभागातल्या एका घरी गेलो होतो. मोठं सागवानी कपाट, घरातल्या आजींच्या लग्नातलं. नातवानं हिरव्या परमनंट मार्करनं बाहेरच्या दारावर आगगाडी काढलेली, हात पुरेल तिथपर्यंत. बाहेरून लाख होती, तासाभरात निघालं. मग सूनबाईंनी दार उघडून आतली बाजू दाखवली. तिथं आजोबांनी पेन्सिलीनं पुराच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. २००५, २०१९, २०२१. सांगलीत अशा रेघा भिंतीवर बऱ्याच घरांत सापडतात, कपाटात मी पहिल्यांदाच बघितल्या. २०१९ ची रेघ सगळ्यांत वर. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. पुढं कितीतरी महिने मी फुगलेली दारं आणि पांढरी पडलेली लाख हेच बघत होतो. तर त्या २०१९ च्या रेघेखाली नातवानं हिरवे मासे काढले होते. चांगले शेपटीबिपटीसकट. एक मासा तर रेघेतून अर्धा बाहेर उडी मारत होता.

सूनबाईंचं म्हणणं, मासे काढा आणि रेघा ठेवा. कपाटाची आतली बाजू पॉलिशची नसते, कोरं लाकूड असतं. कोऱ्या लाकडात परमनंट मार्कर गेला की तो नसांमध्ये उतरतो, स्पिरिट लावलं की पसरून अजून खोल जातो. उपाय एकच, घासणं. आणि घासायला घेतलं तर शाईच्या आधी पेन्सिल जाणार, ती तर वरच्या वर असते. मी म्हटलं, "वहिनी, दोन्ही ठेवा नाहीतर दोन्ही घालवा, मधलं जमणार नाही." मग वरून पॉलिशचा एक हात मारून रेघा तरी पक्क्या करू, असं त्यांनी सुचवलं. तेही नाही म्हणालो. पॉलिशमधल्या स्पिरिटनं शाई सुटली असती आणि मासे फिसकटून आजोबांच्या अक्षरांवर हिरवं पाणी आलं असतं. हे आपल्याकडच्या बऱ्याच कामगारांच्याही लक्षात येत नाही. मार्करच्या डागावरून लाख मारून तो झाकायला जातात आणि डाग वर येतो. आजी इतका वेळ खुर्चीत बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "राहू दे की गं. पुरात मासे नसतात होय?" दार लावून टाकलं. बाहेरच्या बाजूचे पैसे घेतले.

कोऱ्या लाकडाचं निघालंच आहे म्हणून पोळपाटाचं सांगतो. पोळपाटावर किंवा लाटण्यावर मार्कर लागला तर स्पिरिट नको, थिनर नको, काही नको. खायच्या वस्तूला काचपेपरच बरा. आधी १२०, मग २२० नंबर, रेषेच्या दिशेनं, मग धुवून सावलीत वाळवायचं. पाटाचं, चौरंगाचंही असंच, कोरा असेल तर. हळदीकुंकवाचे डाग वेगळे, त्यांची कुणी काळजी करू नये. सांगलीत राहून हळदीला घाबरून कसं चालेल? पाट दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवला की हळद उडते, तिचा रंग उन्हाला टिकत नाही. मार्करला ऊन दाखवून काही उपयोग नाही, तितके दिवस पाट बाहेर ठेवलात तर पाटच तडकेल.

प्लायवर वरून सागाचा पापुद्रा लावलेला असतो, त्यालाही काचपेपर लावताना जपा. तो कागदापेक्षा थोडाच जाड. दोन हात जास्त मारले की खालचं प्लाय डोकं वर काढतं आणि मग माझ्याकडंही औषध नाही.

बॉलपेनचं दुखणं दुहेरी असतं. शाई निघते, पण पोरांनी जोर देऊन गिरवलेलं असतं, त्याची खाच राहते. तिरप्या उजेडात "आई"तलं "आ" स्पष्ट वाचता येतं. कुणी तरी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायचा सल्ला देतं. कोऱ्या लाकडावर तो चालतोही, वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. लाखेवर केलात तर इस्त्रीच्या आकाराचा पांढरा डाग पडेल. शाई काढायची आणि खाच सोडून द्यायची, हे माझं मत.

काम करताना खिडक्या उघड्या ठेवा. देव्हारा पुसत असाल तर दिवा आधी शांत करा, स्पिरिटला भडकायला ठिणगी पुरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते स्पिरिट विषारी असतं, पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. घरात मार्कर उचलणारं पोर आहे म्हणजे बाटली उचलणारंही तेच आहे. आणि जवसाचं तेल वापरलं असेल तर त्याच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर मोकळ्या पसरून वाळवा.

एवढं करूनही नाही निघालं तर फोटो पाठवा. फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात, थोडा तिरपा काढा. फ्लॅशमध्ये मला फक्त तुमचा फोन दिसतो. आणि आधी काय काय लावून झालंय ते खरं खरं लिहा, टूथपेस्टपासून पेट्रोलपर्यंत. मी रागवत नाही, फक्त त्याप्रमाणे सामान घेऊन येतो. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात मात्र वेळ मागू नका, तेव्हा माझ्या स्वतःच्या घरातला टीपॉयसुद्धा रांगेत असतो.