तांबडी सुर्ला: दूधसागराच्या रानातलं कदंबकालीन देऊळ

गोव्यातल्या मोलेला पोचलेल्या बहुतेक गाड्या कुळे गावाकडे वळतात. तिथून जीप, मग दूधसागर. 310 मीटरांवरून कोसळणारं ते पाणी पाहावंच. पण याच भगवान महावीर अभयारण्याच्या उत्तर अंगाला, अनमोड घाटाच्या पायथ्याशी तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ आहे, आणि गोव्यात माझा जीव जडला तो तिथे.

आम्ही सकाळी लवकर पोचलो. देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे कोवळं ऊन थेट मंडपात आलेलं. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातलं, 12व्या-13व्या शतकातलं हे काम. आकाराने लहानच: गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांना जोडणारी जागा), तीन बाजूंनी उघडा मंडप. पण दगड बघा! आसपास सगळा जांभा आणि हे देऊळ मात्र काळ्या पाषाणाचं. हा दगड घाटमाथ्यावरून उतरवला, असं अभ्यासक मानतात. आज गाडीलासुद्धा दमवणारा तो घाट. तिथून हे चिरे खाली आणणाऱ्या माणसांपुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

मंडपाच्या छतावर दगडी कमळ फुललंय. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. एका खांबाच्या तळाशी हत्तीने घोडा पायाखाली तुडवलाय. खाली वाकल्याशिवाय तो दिसत नाही, तेव्हा जरूर वाका. मधल्या नंदीला शिर उरलेलं नाही. शिखराचा माथाही नाही. बाहेरून शिखरावर ब्रह्मा, विष्णू, महेश कोरलेत.

16व्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली. हा मुलूख त्यांच्या हाती 18व्या शतकात, नव्या काबिजादींबरोबर, म्हणजे त्यांनी नंतर मिळवलेल्या प्रदेशांबरोबर आला. तोवर देवळं पाडण्याचं धोरण मागे पडलं होतं. शिवाय इथे भोवती गच्च रान. म्हणूनच हे देऊळ आपल्याला बघायला मिळतंय. कदंबांच्या राज्यात अशी आणखी किती देवळं असतील, या विचाराने पोटात तुटतं.

देवळाजवळच्या नदीत पाय बुडवून थोडं बसावं. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी लोटते, पण कोरीव काम निवांत बघायचं असेल तर साधा वारच बरा. पावसाळ्यात दूधसागरच्या जीप बंद असतात, तेव्हाही हे देऊळ पाहता येतं. हिरव्या रानात ओला काळा दगड आणखीनच खुलतो.