चिडू नकोस, माणसा

शेजारच्या जर्मन आजोबांनी पटावरच्या खेळाचा खोका उलटसुलट करून पाहिला, त्यावरचं ‘वय ८ पासून’ वाचलं आणि म्हणाले, "पिपिफाक्स!" म्हणजे पोरखेळ. हल्लीचे खेळ सोपे होत चाललेत, हे त्यांचं म्हणणं.

खोक्यावर लाल प्यादं छापलेलं होतं, आणि जर्मनीत त्या प्याद्याला मान आहे. १९७९ पासून खेळांच्या समीक्षकांची एक समिती दरवर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, निवडते. आमच्या हातातला ‘डॉर्फरोमांटिक’ २०२३ चा विजेता. मूळचा हा बर्लिनच्या विद्यार्थ्यांनी केलेला व्हिडिओ गेम, नंतर पटावर आला. षटकोनी तुकडे जोडत जायचं. गाव, रान, नदी, रूळ जुळवायचे. कुणी कुणाला मारत नाही, सगळे मिळून गुण जमवतात. आजोबांना नेमकं तेच खटकलं.

त्यांची फूटपट्टी म्हणजे स्काट, हा पत्त्यांचा जर्मन खेळ. बत्तीस पत्ते, तीन खेळाडू, दहा-दहा वाटून दोन मधे झाकलेले. बोली अठरा, वीस, बावीस, तेवीस, चोवीस अशी चढते आणि मग एकदम सत्तावीसवर उडी मारते. का, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. चौकटला ९, बदामला १०, इस्पिकला ११, किलवरला १२, आणि त्यांना गुणायचं कशाने, तर हातात गुलाम कुठले आहेत किंवा नाहीत, त्यावरून. तेवीस मधेच टपकतो, कारण एकही हात न करण्याच्या बोलीची ती ठरलेली किंमत. खेळ सुंदर आहे, वादच नाही. पण आजोबांच्या अड्ड्यात आता तिघेच उरलेत. एकाची कंबर धरली की त्या आठवड्याला डाव नाही.

खेळ सोपे होत चाललेत, हे त्यांचं म्हणणं मी आधी उडवून लावलं. मी बोखुमला राहते. शेजारच्या एसेनला दर ऑक्टोबरमध्ये चार दिवस खेळांची जत्रा भरते, दोन लाखांच्या आसपास माणसं येतात. तिथे लोक रिकाम्या ट्रॉली बॅगा घेऊन येतात आणि ‘ग्लूमहेवन’सारखे दहा-दहा किलोंचे खोके भरून नेतात. बरं, अशा खेळांना लाल प्यादं मिळणं अवघड, म्हणून २०११ पासून जाणकारांसाठी वेगळं बक्षीसच सुरू झालं, करड्या प्याद्याचं. अवघड खेळ कुठेही गेलेले नाहीत. ते फक्त दुसऱ्या हॉलमध्ये गेलेत.

पण मग आम्ही ‘डॉर्फरोमांटिक’ खेळायला बसलो आणि माझी थोडी पंचाईत झाली. नियम दहा मिनिटांत समजले, खरंय. तासाभराने लक्षात आलं की सगळा खेळ माझा नवराच खेळतोय. "तो तुकडा इथे ठेव, नदी पुरी होईल." मी ठेवत होते. आजोबाही ठेवत होते, आणि माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. हल्लीच्या व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर बाण येतो ना, आता इकडे जा म्हणून, तसा आमच्या टेबलावर नवरा. नियम कमी असण्याने माझं काही बिघडलं नव्हतं. ठरवायला काही उरलं नव्हतं, हे दुखणं होतं.

ह्यावर शेवटचा शब्द आईचा पडला. ती उन्हाळ्यात तीन महिने आली होती. आजोबांनी तिच्यासाठी कपाटातून जुना पट काढला, ‘मेन्श एर्गेरे दिश निश्त’. नावाचा अर्थ, माणसा, चिडू नकोस. म्युनिकच्या जोसेफ श्मिट ह्यांनी १९०७-०८ च्या हिवाळ्यात तो पोरांसाठी बनवला आणि १९१४ पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. पहिल्या महायुद्धात तीन हजार संच जखमी सैनिकांच्या इस्पितळांत पाठवले, आणि तिथून तो घरोघरी गेला. इथे तो नाही असं घर सापडणं कठीण.

आईने पट पाहिला मात्र, म्हणाली, "अगं, हा तर आपला सोंगट्यांचा पट! कवड्या कुठायत?"

कवड्या नाहीत, एकच फासा. जोडीदार नाही. सहा पडला आणि सोंगटी पटाबाहेर थांबलेली असली की ती पटावर आणावीच लागते. आईला हे काही केल्या पटेना. तिच्या आजीकडच्या पटावर दान पडलं तरी चालायचं की नाही, हे आपल्या मर्जीवर. पुढे धोका दिसला तर सोंगटी जागची हलवायची नाही. घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी आत न घालता पुन्हा फेऱ्याला काढायची, समोर बसलेल्या जोडीदाराच्या मदतीला. कारण जोडीतले दोघे सुटल्याशिवाय डाव जिंकत नाही. "ह्यात मी काय करायचं? फाशाने सांगितलं की ढकलायचं?"

शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी आमचा पट सोपा करून ठेवला होता, आणि आजोबा सत्तर वर्षं तो खेळत आले होते. हे मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

दुसऱ्या दिवशी आईने खडूने बाल्कनीच्या फरशीवर पट आखला. कवड्यांऐवजी पिस्त्याची टरफलं घेतली, उताणी-पालथी छान पडतात. आई आणि आजोबा एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या. तिसऱ्या फेरीत आईला चांगलं दहाचं दान पडलं आणि ती हाताची घडी घालून बसली. आजोबा खुणेने सांगतायत, चला, चला. आई हलेना.

"हा नियम कुठे लिहिलाय?" त्यांनी मला विचारलं.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "लिहायचंय काय त्यात? त्यांना म्हणावं, मागे तुमची सोंगटी बघा."

आजोबांनी चष्मा वर केला, आणि पहिल्यांदा पटाकडे नीट पाहिलं.