काकू, तुम्ही आधीच जाता

बारावीपर्यंत मी खो-खो खेळले. साखळी पळताना मागच्या मुलीची बोटं पाठीला लागता लागता राहायची आणि बाहेरून आमच्या बाई ओरडायच्या, "हूल दे, हूल!" त्यामुळे एकेचाळिसाव्या वर्षी कोपरीत पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर बॉक्सिंग शिकायला गेले तेव्हा एक खात्री होती. ठोसे मारायला जमो न जमो, चुकवायला आपल्याला जमणारच.

ऐरोलीहून ठाण्याला उतरून, पूर्वेला बाहेर पडून मी साडेसातला तिथे पोचते. खाली गिरणी चालू असते, तिची घरघर तळपायांना जाणवते. स्लिप म्हणजे डोकं जरासं बाजूला नेऊन ठोसा चुकवणं. आमच्या क्लासात स्लिप 'करत' नाहीत, 'मारतात'. सर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान आहेत, मला ताई म्हणतात. "ताई, जॅब आला की उजवीकडे स्लिप मारा." जॅब म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. ज्याला काही मारायचंच नाही त्यालाही मारणं म्हणायचं, याची मला पहिला महिनाभर गंमत वाटायची.

माझी जोडीदार नववीतली मुलगी आहे. मला काकू म्हणते, खेळाआधी वाकून नमस्कार करते आणि मग तोंडावर जॅब घालते. पहिल्या दिवशी तिने तीन मिनिटांत माझ्या तोंडावर इतके जॅब ठेवले की मी मोजणं सोडून दिलं. मी हलत नव्हते असं नाही. उलट मी सारखी हलत होते. फेरी संपल्यावर तीच बिचारी कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही आधीच जाता. मग मी तुम्ही जाता तिकडेच मारते."

खो-खोने मला पळायला शिकवलं होतं, आणि पळणाऱ्याला आधी निघून चालतं. इथे आधी निघालं की समोरची बघते, थांबते आणि तुमचं डोकं जिथे पोचणार तिथे मूठ पाठवते. शिवाय मी जात होते ती हातभर लांब. कमरेतून वाकून, नजर जमिनीवर. एकदा तशीच वाकलेली असताना खालून अपरकट आला. हलकाच होता, पण दात वाजले.

खरी स्लिप फार थोडी असते. ग्लोव्ह जेवढा रुंद, तेवढं डोकं मधल्या रेषेवरून बाजूला झालं की झालं. मान वाकवायची नाही. गुडघे किंचित मोडलेले ठेवायचे आणि खांदा नि कंबर एकत्र फिरवायची. डोकं त्यांच्याबरोबर आपोआप जातं. समोरचीचा डावा जॅब येतो तेव्हा माझा डावा खांदा आत वळतो, वजन उजव्या पायावर येतं आणि मूठ डाव्या कानाजवळून निघून जाते. याला बाहेरची स्लिप म्हणतात. डावीकडे, म्हणजे तिच्या हाताच्या आतल्या बाजूला, गेलं तरी जॅब चुकतो, पण तिथे तिचा उजवा हात वाट बघत असतो. नवख्याने आधी बाहेरचीच शिकावी हे सरांचं म्हणणं मला आता पटतं. उजव्या पायावर वजन आलं की उजवा हात भरलेला असतो, फक्त सोडायचा. स्लिप म्हणजे निम्मा ठोसाच. म्हणूनच बहुतेक ती 'मारतात'.

घरी सरावासाठी गच्चीवर दोरी बांधली, पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून कपड्यांच्या तारेच्या हुकापर्यंत, बरोबर खांद्याच्या उंचीला. दोरीखालून डोकं एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचं, एक पाऊल पुढे, परत तेच. मांड्यांना आग लागते. एप्रिलमध्ये बाजूला सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. त्या कावळे हाकायला बसलेल्या. दहा मिनिटं त्यांनी बघितलं आणि मग विचारलं, "अगं, काय पडलंय खाली? मी शोधू का?"

पण दोरी वाट बघायला शिकवत नाही. ती काही मारत नाही. थांबायचं कसं हा प्रश्न तसाच राहिला. डोळ्यांनी काही दिसून शरीर हलायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि बरा जॅब तेवढ्या वेळात येऊन थडकतोसुद्धा. मूठ निघाल्यावर निघायचं म्हटलं तर उशीर, आणि आधी निघालं तर ती नववीतली बसलीच आहे. सरांनी सांगितलं, मुठीकडे बघूच नका, छातीकडे बघा. मूठ निघण्याआधी खांदा हलतो, कधी पुढचं पाऊल सरकतं. थांबायचं ते त्या खांद्यासाठी. आणि डोळे मिटायचे नाहीत, हे सगळ्यात अवघड. महिनाभर सर रोज पाच मिनिटं माझ्या नाकापुढे पॅड आपटायचे, मी फक्त उभं राहून बघायचं.

एकदा त्यांनी मोबाइलवर निकोलिनो लोचे दाखवला. अर्जेंटिनाचा. त्याला तिकडे 'अस्पर्श' अशा अर्थाचं नाव पडलं होतं. 1968 साली टोकियोत पॉल फुजीशी जागतिक विजेतेपदाची लढत होती. फुजी मारत राहिला, हवेत मारत राहिला, आणि दहाव्या फेरीला स्टूलवरून उठलाच नाही. टायसनही तरुणपणी डोकं असं काही हलवायचा की समोरच्याला नेम धरता यायचा नाही. 1986 मध्ये विसाव्या वर्षी तो हेवीवेट विजेता झाला. पण मला लोचेच आवडला. टक्कल पडत चाललेला, आमच्या ऑफिसातल्या कॅशियरसारखा दिसणारा माणूस, दोरांना टेकून नुसता मान बाजूला करतो.

एक तक्रार हेडगार्डची, म्हणजे डोक्याला बांधायच्या गादीच्या टोपीची. त्याने डोकं बोटभर मोठं होतं आणि बाजूचं दिसत नाही, त्यामुळे नुसत्या डोक्याने जे चुकलं असतं ते गादीला घासून जातं. प्रौढ पुरुषांच्या हौशी स्पर्धांतून ते 2013 पासून गेलं, बायकांचं अजून आहे. अर्थात माझं काढा असं मी म्हणत नाहीये.

परवा गुरुवारी जमलं. तिने दोनदा हूल दिली, खांदा न हलवता नुसता हात पुढे केला. मी गेले नाही. तिसऱ्यांदा तिचा डावा खांदा उचलला गेला आणि माझा आत वळला. मूठ गेली. ग्लोव्हची वेल्क्रो पट्टी हेडगार्डच्या कानाच्या भोकातून कानाला चरचरत गेली, घामाने भिजलेल्या चामड्याचा वास आला आणि तिचा कोपर माझ्या डोळ्याशेजारी, अगदी जवळ, उघडा पडलेला दिसला. त्यावर मच्छर चावल्याची खूण होती.

ती खूण बघत असतानाच तिचा उजवा कपाळावर बसला.

"सॉरी काकू! पण तुम्ही थांबलात!"

"ताई, बघताय काय, हात टाका!" सर ओरडले. खाली कुणाचं तरी दळण संपलं असावं. गिरणी बंद पडली, आणि माझा कान तेवढा चुरचुरत राहिला.