भागून न पाहता मूळ संख्या कशी ठरते?

“एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही, हे कुणी भागून पाहिलं?” मी गणितावर लिहितो हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: कुणीही नाही.

२ च्या १२७ व्या घातातून १ वजा करा. येते १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७, म्हणजे ३९ अंकी मूळ संख्या. शाळेतल्या रीतीने तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागत बसलं, तर सेकंदाला शंभर कोटी भागाकार उरकणाऱ्या यंत्रालाही चारशे वर्षं पुरायची नाहीत. ती मूळ असल्याचं फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, संगणकाचा पत्ता नव्हता तेव्हा.

त्यांच्या युक्तीला १९३० मध्ये डेरिक लेहमर यांनी सुटसुटीत रूप दिलं. ती फक्त अशाच, म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्यांना चालते, आणि घातांक विषम मूळ संख्या असावा लागतो. सुरुवात ४ पासून. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. पुन्हा तेच. फेऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, एरवी नाही.

३१ वर करून बघा. घातांक ५, म्हणून फेऱ्या तीन. ४ चे झाले १४. १४ चा वर्ग १९६, त्यातून २ गेले, १९४. ३१ ने भागून बाकी ८. आठाचा वर्ग ६४, वजा २, ६२. बाकी शून्य! त्या ३९ अंकी संख्येलाही अशा १२५ फेऱ्याच लागतात. शून्यच का, याची सिद्धता मात्र एवढ्याशा जागेत बसायची नाही.

खरी गंमत पुढे आहे. २०४७ घ्या. घातांक ११, फेऱ्या नऊ, शेवटची बाकी १७३६. म्हणजे मूळ नाही. बरोबरच आहे, २३ गुणिले ८९. पण त्या १७३६ कडे कितीही टक लावून बघा, २३ चा सुगावा लागत नाही. मूळ आहे का आणि अवयव कोणते, हे आपण एकच प्रश्न समजतो. ते दोन आहेत, आणि दुसरा फारच चिवट. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या मूळ नाही, हेही ल्युकांनी १८७६ मध्येच सांगितलं होतं. तिचे अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले ते थेट १९०३ मध्ये. आरएसए ही सांकेतिक पद्धत याच तफावतीवर उभी आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येचा घातांक आहे १३,६२,७९,८४१ आणि अंक ४,१०,२४,३२०. तिच्यावरही शिक्कामोर्तब झालं ते या ४ पासून सुरू होणाऱ्या कसोटीनेच. तिचा व्यवहारात उपयोग काय, असंही लगेच विचारतात. काही नाही; सांकेतिक लिपीला काहीशे अंकांच्या मूळ संख्या पुरतात.