तळघराच्या खिडकीतून दिसणारे पाय

कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापासून आमचे घर चालत दहा मिनिटांवर आहे आणि आमच्या गल्लीत मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचे नाव अजूनही घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे घेतले जाते. अंगच्या कसबावर आणि जमेल तेवढ्या पैशांत सिनेमा उभा करणाऱ्या माणसाविषयी मला आपुलकी वाटते ती बहुधा यामुळेच. क्यूबन-अमेरिकन पटकथाकार व दिग्दर्शक लिओन इचासो यांचे २०२३ मध्ये निधन झाले, त्यानंतर मी त्यांचे चित्रपट एकेक करून पाहिले. आधी पाहायला हवे होते.

इचासो यांचा जन्म १९४८ चा, हवानाचा. वडील कवी होते. १९६३ मध्ये चौदाव्या वर्षी लिओन देश सोडून अमेरिकेत आले, वडील मात्र मागे राहिले आणि काही वर्षांनी कुटुंबात येऊन मिळाले. पुढे न्यूयॉर्कमध्ये जाहिरातपटांवर पोट भरत असताना त्यांनी ओर्लांदो हिमेनेझ लेआल यांच्यासह १९७९ मध्ये ‘एल सुपर’ हा पहिला चित्रपट केला. तो १६ मिलिमीटर फिल्मवर आणि स्पॅनिश भाषेत चित्रित झाला असून इव्हान अकोस्ता यांच्या नाटकावर आधारलेला आहे.

हवानात बस चालवणारा रोबेर्तो आता न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीची देखभाल करतो, बायको आणि मुलीसह त्याच इमारतीच्या तळघरात राहतो. भाडेकरूंना थंडी वाजली की ते पाइप बडवतात आणि याने अंथरुणातून उठून बॉयलर पेटवायचा. खिडकीतून त्याला रस्ता दिसत नाही, फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसतात. हे पाहताना मला आमच्याच अपार्टमेंटमधले, पार्किंगला लागून असलेल्या खोलीत राहणारे नांदेडकडचे जोडपे आठवले. सकाळी सहाला वरच्या मजल्यावरून ‘अहो, पाणी सोडा की!’ अशी हाक येते आणि त्यांच्या खिडकीसमोर दिवसभर टायर आणि चपला. (हाक मारणाऱ्यांत मीही असतो.) पेंटरांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधला शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणीत जातो, पण त्याच्यापाशी बोट दाखवायला सावकार तरी आहे. रोबेर्तो स्वतःच्या निर्णयाने आलेला आहे, त्यामुळे त्याची तगमग रोजच्या कुरकुरीतून, डॉमिनोच्या डावातून आणि इंग्रजी न शिकण्याच्या हट्टातून बाहेर पडत राहते. माझ्या मते इचासो यांनी पुढे यापेक्षा चांगला चित्रपट केला नाही.

१९८५ च्या ‘क्रॉसओव्हर ड्रीम्स’मध्ये रुबेन ब्लादेस यांनी यशाच्या मागे लागून जुन्या सोबत्यांना दूर लोटणारा साल्सा गायक रंगवला. त्यानंतर ‘मायामी व्हाइस’सारख्या मालिकांचे भाग, टीव्हीपट आणि वेस्ली स्नाइप्स यांचा ‘शुगर हिल’ झाला. चूल पेटती ठेवणारी कामे म्हणून मी ती पटकन ओलांडली.

‘बिटर शुगर’पाशी (१९९६) मात्र थांबावे लागते. क्यूबातल्या साम्यवादी क्रांतीवर विश्वास असलेल्या एका तरुणाचा भ्रमनिरास सांगणारा हा कृष्णधवल चित्रपट क्यूबात करणे शक्यच नव्हते, म्हणून डॉमिनिकन प्रजासत्ताकात हवाना उभी केली गेली आणि त्यात खऱ्या हवानाची गुपचूप टिपलेली दृश्ये मिसळली गेली. उत्तरार्धात दिग्दर्शकाचा राग पात्रांच्या तोंडून बोलू लागतो, तिथे चित्रपट कमजोर होतो. समुद्रकाठचा रस्ता दिसतो तेव्हा मात्र कॅमेरा वाद विसरून नुसता पाहत राहतो.

२००१ च्या ‘पिन्येरो’त बेंजामिन ब्रॅट यांनी तुरुंगवास भोगलेले कवी-नाटककार मिगेल पिन्येरो उभे केले, रंगीत आणि कृष्णधवल दृश्यांची त्यातली सरमिसळ मला दुसऱ्यांदा पाहिल्यावरच पटली. गायक एक्तोर लाव्हो यांच्यावरचा ‘एल कांतांते’ त्यामानाने चकचकीत वाटला.

२००९ मध्ये इचासो ‘पाराइसो’च्या निमित्ताने पुन्हा कमी पैशांच्या, निर्वासितांच्या सिनेमाकडे वळले. समुद्र ओलांडून मायामीत पोचलेला एक तरुण त्यात आहे. ‘एल सुपर’च्या शेवटी रोबेर्तो ज्या उबदार मायामीकडे निघतो, तेच हे शहर, फक्त या वेळी दार ठोठावणाऱ्या पाहुण्याचीच भीती वाटते.